सात टोकं, आठ डोकी

गल्लीत त्याला सगळे ‘स्वार’ म्हणत. अंगाखालचा घोडा जाऊन अकरा वर्षं झाली होती, पण पाय अजून घोडीचं पोट धरल्यासारखेच बाहेर वाकलेले. कारखान्याच्या पायरीवर उभा राहिला की तिथलं मांजर त्याला वळसा घालायच्या भानगडीत पडत नसे; सरळ त्याच्या दोन गुडघ्यांमधून निघून जाई.

कारखाना कातडी सामानाचा होता. पूर्वी तिथे खोगिरं शिवत, आता शाळेच्या पिशव्या आणि गाडीवानांचे पट्टे. कारखान्याचा मालक उस्ताद नव्या गिऱ्हाइकाला हमखास सांगे, "आमच्या स्वाराला स्टूल देऊ नका, पिंप द्या. बरोबर बसतो." लोक हसत. स्वार सगळ्यांच्या आधी हसे. हसायचा आणि पुन्हा खाली मान घालून आरी चालवायचा. इतका गुणी, हसतमुख कारागीर आपल्या दुकानात अकरा वर्षं एका माणसाचा सूड घ्यायची वाट बघत बसलाय, हे उस्तादाच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं.

घर दोन खोल्यांचं, एका छापखान्याच्या वरचं. दिवसभर खालचं यंत्र चालू असलं की फडताळातल्या कपबशा दात वाजवत. पुढच्या खोलीत आई, मागच्या खोलीत तो. लग्न केलं नव्हतं. मुली सांगून आल्या, पण घरात तिसरं माणूस आधीच राहत होतं. ते म्हणजे राग; त्याला उठवून तिथे कुणाला बसवायचं? पुढच्या खोलीच्या फळीवर मेलेल्या धाकट्या भावाचा वस्तरा होता, आणि शेजारी घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळलेला घोडीचा एक खूर.

संध्याकाळी तो जिना चढून वर आला की आई विचारायची, "सापडला?"

"नाही."

"हात धू. वाढते."

अकरा वर्षांत या संभाषणात एका शब्दाचा फरक पडला नव्हता.

खुराची गोष्ट अशी. तो ज्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होता, तिथल्या प्रत्येक घोड्याच्या पुढच्या उजव्या खुरावर तापल्या सळईने नंबर डागलेला असे. घोडा लढाईत मेला तर तो खूर कापून आणायचा. नाही आणला, तर स्वाराने घोडा विकून खाल्ला असं धरत. त्याची तांबूस घोडी होती तीनशे बारा नंबरची. मोठी मानी. दुसऱ्या कुणी पाठीला हात लावला तर नुसती कातडी थरथरवून हात झटकायची. धाकटा भाऊ त्याच तुकडीत होता. एरवी घोड्यावर आणि मुक्काम पडला की काडतुसांच्या खोक्यांवर त्याची नेमणूक असे. त्याला तेवढी ती घोडी अंगाला हात लावू द्यायची. धाकटा होताच तसा. आईचं शेंडेफळ. त्याला रागवायला निघालेली माणसं त्याच्याशी गप्पा मारून परत येत.

मोठ्या माघारीच्या आदल्या दिवशी तळावर घोड्यांना नवे नाल ठोकले. नालबंद डावखुरा होता, म्हणून सगळे त्याला डावरा म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली आणि तपासणी होते न होते तोच कूच करायचा हुकूम आला. घोडी सुरुवातीला जरा आखडून चालत होती. थंडी असेल, असं स्वाराला वाटलं. दुपारी पळापळ सुरू झाली. धाकट्याचा घोडा गोळी लागून खाली गेला. स्वाराने त्याला हात देऊन मागे घेतलं. दोघांचं ओझं घेऊन ती मैलभर धावली, आणि मग तिचा पुढचा उजवा पाय टेकेना. स्वाराने उतरून खुराला हात लावला. तव्यासारखा तापला होता. बोट टेकवताच घोडीने मान वर फेकली. रिसाल्यातल्या पोरासोरालाही कळावं: नालाचा खिळा खुराच्या मेलेल्या कडेतून जायचा सोडून आत जिवंत मांसात गेला होता.

मागून घोड्यांच्या टापा येत होत्या, आणि ते घोडे आपले नव्हते.

"दादा, ती एकाला नेईल," धाकटा म्हणाला. तो आधीच खाली उतरला होता. "तू हो पुढे. मी ओढ्यापाशी गाठतो तुला. तुझ्यापेक्षा माझे पाय सरळ आहेत."

ओढ्यापाशी तो आला नाही. घोडी तिथे बसली ती उठली नाही. स्वाराने तिच्या कपाळाला पिस्तूल लावलं, आणि नियमाप्रमाणे खूर कापून घेतला. घोडीचा पुरावा आणायचा नियम होता, माणसाचा नव्हता.

छावणीतल्या कारकुनाने खुरावरचा नंबर वाचला, यादीत रेघ ओढली आणि खूर ढिगावर फेकून दिला. स्वार तिथेच उभा राहिला. कारकून चहाला उठल्यावर त्याने ढिगातून आपला खूर परत उचलला. खाली तळव्याला नाल तसाच होता, त्यावर धाकटा उतरला त्या वाटेवरचा चिखल वाळून दगड झाला होता. तो चिखल त्याने कधीच काढला नाही. धाकटा शेवटचा ज्या मातीवर उभा होता ती ती माती.

लढाई संपली, रिसाला मोडला, घोडे विकले गेले, माणसं पांगली. डावरा कुठे गेला, कुणाला ठाऊक नव्हतं.

आणि मग एका दुपारी कोळशाचा गाडीवान तुटलेला पट्टा घेऊन कारखान्यात आला. बाहेर त्याचा घोडा एक पाय ढिला सोडून उभा होता. स्वाराची नजर सवयीने खुराकडे गेली आणि हातातली आरी थांबली. खिळ्याची टोकं खुराच्या कडेतून बाहेर येतात ती नालबंद वाकवून दाबून टाकतो. उजव्या हाताचा माणूस ती एका अंगाला दाबतो. इथे ती सगळी उलट्या अंगाला झुकली होती, वाऱ्याने लवलेल्या गवतासारखी. अशी झुकलेली टोकं तो अकरा वर्षं रोज बघत होता.

"नाल कुणी ठोकले?" त्याने पट्टा हातात घेत सहज विचारलं.

"गिरणीमागे एक म्हातारा आहे," गाडीवान म्हणाला. "डावखुरा आहे, पण हात देवाचा."

त्या संध्याकाळी आईने विचारलं, "सापडला?"

"सापडला."

आईचा हात पातेल्यावरच राहिला. मग तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि स्टुलावर बसली. गुडघ्यांनी ती अधू झाली होती, पण आवाजाला काही झालं नव्हतं.

"थोरल्या, जीव घेऊ नकोस त्याचा. मेलेल्याला काही दुखत नाही. ज्या हातानं ठोकला, तो हात मोड. त्यानं रोज सकाळी उठून हाताकडे बघायला पाहिजे, मी फळीकडे बघते तसं."

"हो."

"आणि मोडलास की मला सांग. आधी काही सांगू नकोस."

दोन दिवस तो नुसता गिरणीमागच्या कठड्यावर बसून बघत राहिला. पत्र्याची शेड, भाता, ऐरण, पाण्याचं पिंप. म्हातारा साठीच्या पुढचा, पाठीत वाकलेला. भात्यावर त्याची मुलगी, तिशीची, दंडाने बापापेक्षा जाड. म्हातारा घोड्याचा पाय मांडीत घ्यायचा, तोंडात खिळे धरायचा आणि डाव्या हाताने तीन ठोक्यांत एक खिळा घालायचा. हात खरंच चांगला होता, म्हणून स्वार जास्तच पेटला. ज्याला येत नाही त्याची चूक माफ करता येते. इतकं येत असून त्या एका दिवशी हलगर्जीपणा केला?

"बाबा, तो वाकड्या पायाचा पुन्हा आलाय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज भात्यावरून जायचा, त्यामुळे कठड्यापर्यंत सहज पोचला.

"घोडा आहे का त्याच्याजवळ?"

"नाही. नुसतेच पाय आहेत."

"मग बसू दे."

तिसऱ्या दिवशी स्वार शिवायच्या हत्यारांची पिशवी खांद्याला लावून थेट आत गेला. घोंगडी सोडली आणि खूर ऐरणीवर ठेवला. डोक्यात जे सगळं घोळवलं होतं ते तोंडात येईना. अकरा वर्षं त्याने या भाषणाची तालीम केली होती. रंगमंचावर पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्यच गळालं.

म्हाताऱ्याने खूर उचलला, उजेडात धरला.

"तीनशे बारा," तो म्हणाला. "तांबूस घोडी. नाल ठोकताना माझी टोपी चावायची."

"तुला आठवते?"

"माणसं नाही आठवत. मी जन्मभर खालीच बघत आलोय. खूर आठवतात." त्याने वर पाहिलं. "तू तिचा स्वार."

"माझा भाऊ मेला तिच्यामुळे. तिच्यामुळे नाही, तुझ्यामुळे. तू खिळा जिवंत खुरात घातलास." स्वाराने भिंतीवरचा मोठा हातोडा उचलला होता, कधी उचलला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. "हात ठेव इथे. डावा."

भाता थांबला. मुलगी पुढे आली. म्हाताऱ्याने तिला मान हलवून थांबवलं. भ्याला होता तो, ओठ पांढरे पडले होते. पण खूर अजून हातातच होता आणि अंगठा आपोआप खुराच्या कडेवरून फिरत होता, सोनाराचा दागिन्यावरून फिरावा तसा.

"मारायचं तर मार," तो म्हणाला. "पण काम बघितल्याशिवाय मारू नकोस. टोकं मोज."

"काय?"

"खिळ्यांची बाहेर आलेली टोकं. मोज ना."

स्वाराला मोजायची गरज नव्हती. "सात."

"आता खालची डोकी मोज. चिखल काढ."

"चिखलाला हात लावायचा नाही." हे तो इतक्या जोरात बोलला की बाहेर बांधलेला घोडा दचकला.

"मग नको काढू. हातोडा आहेच तुझ्याकडे."

स्वार उभा राहिला. त्याला निघून जाता आलं असतं, किंवा मारता आलं असतं. दोन्ही सोपं होतं. पण तो कारागीर होता, आणि ‘काम बघ’ म्हटल्यावर न बघणं कारागिराला जमत नाही. त्याने हातोडा पायाशी ठेवला, रुमाल पसरला आणि पिशवीतली आरी काढून चिखल खरवडायला लागला. एक कणही जमिनीवर पडू दिला नाही.

नालाला आठ भोकं होती. सात भोकांत चौकोनी डोक्याचे खिळे. आठवं भोक आतल्या अंगाला, सगळ्यात मागे. त्यात गोल डोक्याचा खिळा होता.

"सात टोकं, आठ डोकी," म्हातारा म्हणाला. "आठव्याचं टोक बाहेर आलंच नाही. ते आतच गेलं. आमच्या खिळ्याला एका अंगाला उतार असतो, म्हणून तो वळून बाहेर पडतो. हा सरळ खिळा आहे, सरळ वर जाणार. हा नालाचा नाहीच. खोक्याचा आहे."

"खोक्याचा?"

"काडतुसांच्या खोक्याचा. त्या घोडीच्या खुराची आतली भिंत कागदासारखी झाली होती. म्हणून त्या खेपेला ते भोक मी मुद्दाम मोकळं सोडलं. सातच ठोकले."

स्वाराला आधी काही वाटलंच नाही. मग एकेक गोष्ट समोर यायला लागली, कुणी आत एकेक दिवा लावत जावं तशी. तपासणीला येणारा साहेब छडीचं टोक प्रत्येक भोकात टेकवून बघायचा. भोक रिकामं दिसलं की स्वाराचा निष्काळजीपणा, शिक्षा म्हणून दिवसभर घोड्याचा लगाम हातात धरून पायी चालायचं. आदल्या दिवशी संध्याकाळी तो पाणी भरून आला तेव्हा धाकटा घोडीजवळून उठत होता. ती फक्त त्यालाच अंगाला हात लावू द्यायची. धाकट्याच्या हातात कुऱ्हाड होती, उलटी धरलेली. "दादा," तो हसून म्हणाला होता, "उद्या तू पास. तुला चालायला लागणार नाही." नेहमीचा चावटपणा, म्हणून त्याने पाठीत एक धपका घातला होता.

स्वाराने हातोडा पुन्हा उचलला आणि ऐरणीवर घातला. एकदा, दोनदा, पाच वेळा. मनगट बधिर होईपर्यंत. कुणी त्याला अडवलं नाही.

"ऐरणीचं काय जातंय," मुलगी शेवटी म्हणाली. "पण दांडा मोडला तर नवा तुम्हीच बसवून द्यायचा."

तो पिंपाच्या कडेला टेकला. म्हातारा त्याच्यासमोर उकिडवा बसला.

"एक सांगतो," तो म्हणाला. "माझी चूक नाही असं नाही. भोक सोडलंय हे मी तुला सांगायला पाहिजे होतं. त्या दिवशी चाळीस घोडे होते. प्रत्येक स्वाराला काय सांगत बसायचं, त्यांना कुठे कळतंय, असं वाटायचं मला. तोंडात खिळे असले की माणसाला न बोलायची सवय लागते. सांगितलं असतं तर कुणी तिथे खिळा घातला नसता."

"नसता," स्वार म्हणाला. हा तेवढा आधार त्याने घट्ट धरला. मग म्हणाला, "मी आईला काय सांगू?"

त्याने मातीच्या रुमालाची गाठ मारली.

"ती अकरा वर्षं तुझ्यावर जगतेय. तुला रोज शिव्या घालते आणि मग दोन घास खाते. धाकट्याने स्वतःच्या हाताने ठोकला हे तिला सांगितलं, तर ती..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"सांगा, हात मोडला," मुलगी म्हणाली.

"तुम्हाला तिची कल्पना नाही. ती बघायला येईल."

"येऊ दे की. घरात पट्ट्या आहेत. आमच्याकडे रोज कुणी ना कुणी लाथ खातं."

म्हाताऱ्याने स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं आणि होकाराची मान डोलावली. स्वाराच्या अंगाचा तिळपापड झाला. ज्याचा हात मोडायला आलो, त्याचेच उपकार घ्यायचे? पण दुसरा रस्ता दिसेना. तो खूर आणि रुमालातली माती घेऊन उठला, आणि ‘बरं’ एवढंसुद्धा न म्हणता चालू लागला.

संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर पोचल्यावर तो म्हणाला, "मोडला."

आईने डोळे मिटले. "आवाज आला?"

"आला."

"कसा?"

"वाळकी फांदी मोडावी तसा."

"ओरडला?"

"ओरडला."

"बस," ती म्हणाली. "वाढते." त्या दिवशी तिने स्वतःसाठी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि तो पाण्याचा पेला तोंडाला लावून तिच्याकडे बघत राहिला.

चौथ्या दिवशी तिने जाहीर केलं की तिला बघायचंय. गुडघे चालणार नव्हते, म्हणून कोळशाच्या गाडीवानाला बोलावलं. काळ्या पोत्यांमध्ये ती लुगड्याचा पदर आवळून राणीसारखी बसली. शेडसमोर गाडी उभी राहिली. म्हातारा आत बसला होता. डावा हात बोटांपासून कोपरापर्यंत पट्टीत आणि गळ्यात अडकवलेला, उजव्या हातात कानस. मुलीने पट्टीवर थोडा गंज चोळून डागही पाडला होता. नटाला लाजवेल असं काम.

आई गाडीतूनच बघत राहिली. खाली उतरली नाही.

"ओळखलंस का मला?"

"नाही, बाई."

"ज्याच्या घोडीला तू खिळा घातलास, त्याची आई मी. दोघांची आई." ती पुढे वाकली. "दुखतं का?"

"दुखतं."

"रात्री?"

"रात्री जास्त."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि गाडीवानाला म्हणाली, "चला."

प्रश्न मिटला असं स्वाराला वाटलं होतं. पण दर महिन्याच्या सुरुवातीला आई गाडी बोलवायची. आधी स्वार डावऱ्याला एक दिवस अगोदर निरोप द्यायचा, नंतर गाडीवानच सांगायला लागला. गाडी वळणावर दिसली की मुलगी शेडमधून हाक मारायची, "बाबा, म्हातारी आली, पट्टी." म्हातारा हातातलं काम टाकून पट्टी बांधायला धावत सुटायचा. एकदा घोड्याचा पाय मांडीत होता तेव्हा मुलीने तिथेच पट्टी गुंडाळली, तो नाइलाजाने उजव्या हाताने ठोकत राहिला, आणि खिळा तिरका गेला तसा आईने गाडीत बसल्या बसल्या समाधानाने मान हलवली. "जमत नाही त्याला आता," ती परतताना म्हणाली. "कसा तोल जातोय बघ." त्या दिवशी ती गाणं गुणगुणत जिना चढली.

स्वार गाडीच्या मागे चालायचा आणि हे सगळं बघायचा. म्हातारा निर्दोष आहे हे त्याला माहीत होतं. निम्मा तरी. पण म्हातारा ‘दुखतं’ म्हणाला की त्याच्याही पोटात काहीतरी शांत व्हायचं, आणि त्याची त्याला लाज वाटायची. धाकट्यावर रागवता येत नव्हतं. कुणालाच कधी आलं नव्हतं. आठवा खिळा त्याने खुरातून काढला नाही, आणि खरवडलेली माती पुन्हा नालात भरून वरून दाबून ठेवली.

असं दीड वर्ष चाललं. मग आई एका सकाळी उठलीच नाही. आदल्या संध्याकाळी व्यवस्थित जेवली होती.

तिला पोचवून आल्यावर दुसऱ्या दिवशी खालचा छापखाना बंद होता, त्यामुळे कपबशा गप्प होत्या. जिन्यावर पावलं वाजली. डावरा दारात उभा होता, आणि हात पट्टीत, गळ्यात. सगळी गल्ली ओलांडून तो तसाच आला होता.

"आत ये," स्वार म्हणाला.

म्हातारा आईच्या स्टुलावर बसला. फळीकडे बघून त्याने नजर वळवली.

"आता पट्टी सोडू का?" त्याने विचारलं.

स्वाराने चहा ओतला. त्याच्या हाताकडे, पट्टीच्या गाठीकडे, मुलीने पाडलेल्या जुन्या डागाकडे बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. म्हाताऱ्यालाही माहीत होतं की याला माहीत आहे.

"दुखतं का?" स्वार म्हणाला.

म्हाताऱ्याने पट्टीची गाठ पुन्हा घट्ट केली. मग मान डोलावली. "दुखतं."

"दुखू दे," स्वार म्हणाला, आणि कप त्याच्या उजव्या हातात दिला.